पेरून उरलेला गहू

अठ्ठ्याहत्तरच्या कार्तिकात मी अल्लीपूर सोडलं. एसटी सकाळची होती, आणि आई स्टँडवर आलीच नाही. परसात उभी राहून ती पाखरांना दाणे टाकत होती. मी पाया पडले तेव्हा म्हणाली, “पोचल्यावर चिठ्ठी टाकजो,” आणि पुन्हा तिकडे वळली. मला राग आला. नर्सची नोकरी लागून पोरगी टोरोंटोला निघाली आहे आणि हिला चिमण्यांची पडली आहे!

पण बाबा गेल्यापासून आईचं गणगोत तेच होतं. दसऱ्याच्या सुमाराला भिंतीवर थिरथिरा यायचा, शेपटी थरथरवत किडे टिपायचा. दिवाळीनंतर कबुतरासारखे दिसणारे होले आणि चिमण्या वाढायच्या, कारण तेव्हा गव्हाची पेरणी होई आणि पेरून उरलेलं बियाणं आमच्या घरी पाखरांचं असे. त्याचं पीठ कधी झालं नाही.

त्या वर्षी बियाण्याला पहिल्यांदाच औषधाची पावडर लावली. पाकिटावरचं इंग्रजी वाचता येणारी घरात मीच, म्हणून लावलीही मीच. धाकट्या भावाला, वसंताला, साबणाने तीनदा हात धुवायला लावले. उरलेला गहू डब्यात भरून ओसरीत ठेवला. आईला सांगायचं राहून गेलं. बॅग भरायची होती.

इथे सगळं उलटं. थंडी लागली की पाखरं देश सोडतात. पहिल्या फॉलमध्ये, म्हणजे इथल्या पानगळीत, अपार्टमेंटच्या खिडकीतून थवे जाताना पाहिले आणि ड्यूटीवर निघता निघता रडले. मग मागे राहिलेल्यांसाठी बाल्कनीत बर्ड फीडर टांगला. वसंता आईची पत्रं लिहायचा. दर हिवाळ्यात त्यात एक ओळ असायची, थिरथिरा आला. चिमण्या-होल्यांविषयी अक्षरही नसायचं. सहा वर्षांत मला ते एकदाही खटकलं नाही, याची लाज वाटते.

चौऱ्याऐंशीच्या मार्गशीर्षात गावी गेले. परस लख्ख झाडलेलं, पाण्याचं गाडगं पालथं. भिंतीवर थिरथिरा तेवढा होता.

“काऊन आई, दाणे नाई टाकत?”

ती आत गेली. वसंता खाली बघत म्हणाला, “तू ठेवलेलं बियाणं होतं बाई. मायनं तेच टाकलं. दोन दिवस पाखरं पडून राह्यले होते. माय म्हणे, तिले नोको सांगू, परक्या मुलखात एकटी हाये.”

मी निघाले त्या सकाळी तिच्या हातात तोच डबा होता. पेशंटच्या गोळीचं नाव दोनदा वाचून मगच ती देणारी मी. मेलेले होले आईने ओंजळीत नेऊन चिंचेखाली पुरले, आणि दाणे टाकणं कायमचं सोडलं.

परतताना या खेपेला आई स्टँडवर आली. एसटी सुटता सुटता खिडकीशी येऊन तिने विचारलं, “तुह्याकडं येतेत काय पाखरं?”

“येतात.”

“दाणे धुऊन देजो.”

आई आता नाही. इथलं बी पाकीटबंद असतं, तरी मी ते धुते. ओलं घातलं तर फीडरमध्ये गोठून त्याचा गोळा होतो, म्हणून टॉवेलवर पसरून हीटरपाशी वाळवते. शेजारीण हसते. माझ्यासारखं गाव सोडून आलेल्या इतरांना घर म्हटलं की काय आठवतं, कोण जाणे. मी सिंकपाशी उभी राहते, पाणी ओतून टाकते, आणि तिसऱ्यांदा नळ सोडते.