सात नंबरचा लूम

प्राजक्ताच्या कामाबद्दल बुऱ्हाणपुरात एकच प्रश्न विचारला जायचा: याच्यात गाणं कुठंय? आत्यांनी विचारला, शेजाऱ्यांनी विचारला, आणि सगळ्यांत जास्त वेळा विचारला तिच्या बापाने, निंबाने. टेक्नो नावाचं संगीत ती स्वतः बनवायची आणि पुण्या-गोव्यात जाऊन वाजवायची. शब्द नाहीत, गाणारा नाही, एक ठोका सुरू होतो आणि त्याच्यावर थर चढत जातात. लोक तिकीट काढून तासन्‌तास त्यावर नाचायचे. घरच्यांचं मत मात्र ठरलेलं होतं, की ही नुसती सुरुवातीची वाजंत्री, खरं गाणं पुढे कधीतरी येईल. दहा वर्षं झाली, ते काही आलं नाही.

मुलाखतीत कुणी विचारलं की हे शिकलात कुठे, तर ती सांगायची, भिंतीपलीकडे. समोरच्याला वाटायचं बाई काहीतरी गूढ बोलतेय. गूढ कसलं आलंय त्यात. धर्मेंद्रसेठच्या पॉवरलूमच्या शेडला लागूनच निंबाचं घर होतं. शेडमध्ये बारा लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, होते आणि निंबा तिथे पस्तीस वर्षं मिस्त्री होता. लाईट गेली की सगळा मोहल्ला एकदम मुका व्हायचा, आणि परत आली की निंबा लूम एकदम लावायचा नाही. सगळे एकदम लावले तर फ्यूज उडतो. एक लावायचा, तो लयीत आला की दुसरा, मग तिसरा. पाटी-पेन्सिल घेऊन बसलेली प्राजक्ता भिंतीला पाठ टेकून ते मोजायची. बारावा लागला की तिला भरून यायचं, का ते मात्र तेव्हा कळायचं नाही.

पुढे कॉलेजात असताना तिने मोहल्ल्यातल्या विनायककाकांच्या डीजेच्या गाडीवर वायरी जोडायचं काम धरलं. लग्नाच्या वरातीत पोरगी गाडीवर चढलेली पाहून लोक नवरदेवाला सोडून तिच्याकडे बघत. आई शोभा आठवडाभर बोलली नाही. प्राजक्ता मुळीच ढळली नाही. त्याच कमाईतून जुना लॅपटॉप आला आणि तिने पहिला ठोका बनवला. विनायककाकांनी तो मन लावून ऐकला आणि गाणं कधी सुरू होतं म्हणून विचारलं.

बाहेर नाव झालं तरी तिला हवी होती ती दाद एकाच माणसाची, आणि त्या माणसाचे कान दरसाल विझत चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लूमच्या आवाजाने बारीक सूर केव्हाच गेले, जाडे तेवढे उरलेत, तेही किती दिवस सांगता येत नाही. बापाने आपलं काम एकदा तरी शेवटपर्यंत ऐकावं, कान पुरते जायच्या आत ऐकावं, एवढीच तिची आस होती. आणि तेवढ्यात धर्मेंद्रसेठने लूम भंगारात काढले. शेडमध्ये आता केळी पिकवायचं गोदाम होणार होतं.

ती पुण्याचे दोन कार्यक्रम सोडून घरी आली. लूम उचलायच्या आधी तिने तीन दिवस एकेका लूमचा आवाज वेगळा टिपला. निंबा लूम चालवून देत होता. पोरीला आठवण म्हणून हवं असेल, असं त्याने धरलं. मग तिने सेठकडून रिकामी शेड एका रविवारच्या दुपारपुरती मागून घेतली. टिपलेल्या आवाजांचं संगीत बांधताना सगळे बारीक सूर तिने काढून टाकले आणि जाडे ठोके तेवढे ठेवले. पुण्याच्या मित्राने ऐकून म्हटलं, फारच ओबडधोबड झालंय. ती म्हणाली, ज्याच्यासाठी आहे त्याला पुरेल.

रविवारी विनायककाकांचेच स्पीकर लागले. जुने कारीगर आले, आत्या आल्या. निंबा आपल्या नेहमीच्या जागी, मधल्या खांबाशी उभा राहिला. प्राजक्ताने लॅपटॉपवर एक नंबरच्या लूमचा आवाज लावला. मग दोन, मग तीन. जमिनीत ठोका उतरला तसे कारीगर एकमेकांकडे बघू लागले. सात नंबर लागला आणि निंबाने हात वर केला, तळहात उभा.

गोंगाटात शेडची माणसं हातांनीच बोलायची. उभा तळहात म्हणजे थांब. बोटं म्हणजे लूमचा नंबर. छातीवर मूठ म्हणजे मशीन लयीत आहे, कुणी हात लावू नका. प्राजक्ताला ही भाषा पाळण्यापासून येत होती. तिने सगळं बंद केलं. शेड मुकी झाली. शोभाने मान खाली घातली. प्राजक्ताला वाटलं, दहा वर्षांची मेहनत, आणि बापाला ती सात लूमपर्यंतसुद्धा सोसवली नाही.

निंबा जवळ आला. कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखा मोठ्याने बोलला, "सात नंबर बीचमधी लावला तू. त्याची मोटर लोड जास्त खाते. त्याले आखरीले लावायचं, नाही तं फ्यूज जाते."

तिला कसं कळावं? लहानपणी सात नंबर लागायचा तो अकरांच्या गोंगाटात, भिंतीपलीकडे त्याचा दुहेरी ठोका वेगळा कळायचाच नाही. तिने आकड्यांच्या क्रमाने लावले होते. बापाने मात्र त्या उरल्यासुरल्या कानांनी त्या दुहेरी ठोक्यावरून सात नंबर ओळखला होता. तिचे डोळे भरले, पण रडायला ती आली नव्हती. ती म्हणाली, "मंग तुम्हीच सांगा बाबा. पहिलेपासून लावते."

निंबा खांबाशी गेला आणि बोटं दाखवू लागला. चार. नऊ. एक. तो दाखवेल तो लूम ती लावत गेली, आणि प्रत्येक लूम लयीत येईपर्यंत त्याचा तळहात उभा राहायचा. अकरा झाले. निंबाने बराच वेळ थांबवून धरलं. मग एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन बोटं वर केली. सात नंबर लागला आणि जमीन थरथरली. कारीगरांतला म्हातारा प्रकाश आधी नाचू लागला, मग बाकीचे.

विनायककाका निंबाच्या कानाशी वाकले आणि ओरडून विचारते झाले, "निंबाभाऊ, याच्यात गाणं कुठंय?"

निंबाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरीवरची नजर न काढता त्याने मूठ वळली आणि छातीवर ठेवली.