उखानाना आणि तिसरी खूण

आमच्या घरात घड्याळ नव्हतं, तेव्हाही आमच्या घरातला एक माणूस दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त करून पोट भरत होता. सोनगीरला आमचं पत्र्याचं घर, एका खोलीत सहा माणसं. वडील कापसाच्या हंगामात धुळ्याला जिनिंगमध्ये गठाणी उचलायचे, हंगाम संपला की मिळेल ते काम. आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची आणि पहाटेच्या एसटीचा हॉर्न हेच तिचं घड्याळ. गाडी उशिरा आली की आईलाही उशीर, आणि त्या दिवशी मुकादमाची बोलणी. मी सहावीत जाईपर्यंत घरात वीज नव्हती. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी आहे, आणि ती कुठून निघाली ते माहीत असलेलं बरं, म्हणून सांगते.

घड्याळं दुरुस्त करणारे ते उखानाना, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्यावर त्यांना उकिरड्यावर ठेवून परत उचललं, आणि नाव पडलं उखा. दीड महिन्यापूर्वी जळगावला आमच्या कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. शिपाई प्रयोगशाळेच्या दारात येऊन म्हणाला, "मॅडम, तुमचे काका वारले." मी हात धुतले, रजेचा अर्ज लिहिला, स्टँडवर आले. खरं लिहायचं तर एरंडोलपर्यंत मला नाना आठवलेच नाहीत. मला त्यांच्या दुकानातला पत्र्याचा गोल डबा आठवत होता, ज्याला ते कोणाला हात लावू देत नसत. आता तरी तो उघडायला मिळेल, असं मनात येत होतं... गेलेल्या माणसाच्या वाटेवर असला विचार करू नये. पण चौदा वर्षं मी त्या डब्यावर संशय धरून होते, तो एका फोनने कसा जाईल?

नानांचं दुकान म्हणजे तांबटांच्या आळीच्या तोंडाशी एक लाकडी टपरी. दिवसभर आजूबाजूला हंडे-घागरी ठोकल्याचा आवाज, आणि त्या आवाजात नाना डोळ्याला भिंग लावून घड्याळ कानाशी धरायचे. त्यांना टिकटिक ऐकू यायची. आमच्या भागात रेडिओ-घड्याळ दुरुस्तीला टाकताना लोक घरीच ते उघडून आत कुठे तरी सुईने खूण करून आणत, मेकॅनिकने मशीन बदलू नये म्हणून. बाकीचे दुकानदार अशी खूण दिसली की चिडायचे. नानांचं उलटं. ते गिऱ्हाइकाला समोर बसवून घड्याळ उघडायचे, हातात सुई द्यायचे आणि म्हणायचे, "कर खून. उद्या म्हनशी, नानानी बदली टाकं."

एकदा एका शेतकऱ्याला राग आला. "नाना, मी काय चोर शे का?"

"तू नही रे भो," नाना म्हणाले. "पन मी चोर शे, असं तू घर जाईसन म्हनशी."

असा माणूस. त्यांचा कोणावर विश्वास नव्हता, आणि आपल्यावर कोणाचा असेल असंही त्यांना वाटत नव्हतं. चहावाल्याने आणलेला चहासुद्धा आधी उजेडाकडे धरून बघायचे.

मी चौथीच्या स्कॉलरशिपला पास झाले तेव्हा नाना सुटे भाग आणायला सुरतेला गेले होते. येताना माझ्यासाठी एक व्हिडिओ गेम घेऊन आले. तळहातात मावेल एवढा, निळा, चार बटणं आणि मधे एवढीशी काच. झाडावरून फळं पडायची आणि खाली टोपलीवाल्याने ती झेलायची, एवढाच खेळ. फळ झेललं की "टीं". सोनगीरमध्ये असली वस्तू कोणी पाहिली नव्हती. वडिलांनी ती हातात घेतली, उलटी केली आणि म्हणाले, "उखानी दिधं? मंग पहिले कोनं शे ते विचार." काकूनेही आईला हळूच सांगितलं की कोणाचं तरी दुरुस्तीला आलेलं असेल. मी खेळत राहिले. पण मालक येईल या भीतीने दोन वर्षं तो गेम शाळेत नेला नाही.

त्यात दोन पेन्सिल सेल लागत. ते मिळणं अवघड, म्हणून आमच्याकडे टॉर्चच्या सेलचं जे करत तेच मी त्यांचं केलं. सेल उतरले की पत्र्यावर उन्हात ठेवायचे, ते तापले की परत थोडा वेळ चालतात. बठ्ठं गाव, लहानथोर सगळेच, असंच करायचं. वैशाखात आमच्या आळीतल्या पत्र्यांवर पापड-कुरडयांच्या बाजूला सेल मांडलेले असत. सातवीच्या सुट्टीत मी दोन सेल चांगले दुपारभर तापवले, गरम गरमच गेममध्ये घातले आणि विसरले. आठ दिवसांनी उघडलं तर आत हिरवा-पांढरा चिकट खार. सेल फुटले होते. मी सेल फेकून दिले, फडक्याने जमेल तेवढं पुसलं आणि गेम नानांकडे नेला.

"काय व्हयनं?"

"काही नाही. आपोआप बंद पडला."

"आपोआप?" नानांनी भिंगातून आधी गेमकडे आणि मग तसंच, भिंग न काढता, माझ्याकडे पाहिलं. समोर बसवून गेम उघडला आणि सुई माझ्या हातात दिली. मी पुतणी असले तरी रीत ती रीत. मी तीन ठिकाणी "सु" कोरलं, सुमनमधला. एक मागच्या झाकणाला आतून, दुसरं हिरव्या सर्किटच्या काठावर. तिसरं काचेवर बसवलेला एक करडा, पारदर्शक कागद होता, फोटोच्या निगेटिव्हसारखा, त्याच्या कोपऱ्यात.

तीन आठवडे गेम नानांकडे होता. रोज शाळेतून येताना मी टपरीशी थांबायची आणि ते म्हणायचे, "घर जाय." शेवटी एक दिवस कागदात गुंडाळून त्यांनी तो परत दिला. "मरी गया तो. आते काही व्हनार नही. सेल घालू नको."

घालू नको म्हटलं म्हणूनच मी घातले. उन्हात तापवलेले जुने नव्हे, दुकानातून आणलेले नवे. बटण दाबलं आणि गेम म्हणाला, "टीं." काच मात्र कोरी. टोपलीवाला नाही, झाड नाही, काही नाही. मी कंपासमधल्या कर्कटकाने स्क्रू काढले. झाकणावर माझी खूण होती. सर्किटवर होती. सर्किटला एक लाल वायर नव्याने जोडलेली दिसली, जुन्या रेडिओतली. आणि तो करडा कागद नव्हता. तीन खुणा करून दिल्या होत्या, परत आल्या दोन.

मशीन जिवंत, आवाज येतो, आणि हा माणूस सांगतो मेला. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला यातून जे समजायचं ते मला समजलं. नानांनी माझा भाग काढून घेतला आणि त्याच्या जागी आपल्याकडची भंगार वायर जोडून दिली. मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर सेल उन्हात तापवल्याचंही सांगावं लागलं असतं. पण त्या दिवसापासून मी टपरीशी थांबणं सोडलं.

पुढे धुळ्याला होस्टेलला राहून बी.एस्सी. केलं, फिजिक्स घेऊन. दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला तसलाच करडा कागद समोर आला. सरांनी दोन तुकडे एकावर एक धरून दाखवले. एक फिरवला की दोन्हींतून उजेड जातो, आणखी फिरवला की काळाकुट्ट अंधार. डिजिटल घड्याळाच्या काचेवर हाच असतो, म्हणाले, तो नसेल तर आकडे असूनही दिसत नाहीत. वर्गातल्या मुलींना गंमत वाटली, मला माझी कोरी काच आठवली. म्हणजे खेळ चालूच होता. टोपलीवाला फळं झेलत होता, फक्त मला दिसत नव्हता! आणि त्या वर्षांत गावात प्रत्येकाच्या मनगटावर डिजिटल घड्याळ आलं होतं, नाना ती दुरुस्त करत होते. हिशेब जुळला, माझा कागद अशाच कोणाच्या तरी घड्याळात गेला. शिक्षणाने माझा संशय घालवला नाही, उलट त्याला पुरावा दिला. मी सुट्टीत घरी आले की एसटीत शेजारच्याच्या मनगटाकडे वाकून घड्याळाचा कोपरा बघायची, कुठे "सु" दिसतोय का. एकदा शाळेतल्या जुन्या गुरुजींचा हात मी इतका वेळ धरून ठेवला, की ते म्हणाले, "पोरी, साडेचारच वाजलेत, किती वेळा बघशील?"

निकाल लागला त्या दिवशी घरी सगळे होते. वडिलांनी मला पुढे करून शेजाऱ्यांना सांगितलं, "मनी आंडेर, बी.एस्सी.", म्हणजे माझी लेक. नाना कडेला उभे होते, हातात पेढ्यांचा पुडा. मी सगळ्यांच्या पाया पडले आणि त्यांच्यापाशी येऊन वाकले नाही. विचारलं, "नाना, मना गेमना मझारला कागद कथा गया?" आतला कागद कुठे गेला, एवढंच.

कोणाला काही कळलं नाही, फक्त नानांना कळलं. त्यांनी पुडा आईच्या हातात दिला. "खून तुनी शे ना त्याना वर? दिखी तव्हय वळखशी." एवढं बोलून ते निघून गेले. मला ते उद्दाम वाटलं. चोरी करून वर सांगतो, सापडलं तर ओळख! त्यानंतर सहा वर्षांत आम्ही लग्नाकार्यात भेटलो तेवढंच, आणि तेही "बरं शे ना" इतपत.

सुतक फिटलं त्या, गंधमुक्तीच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर काकूने तो गोल डबा माझ्यापुढे आणून ठेवला. मी मागितला नव्हता.

"तुना शे हाऊ. आमले हात लावू देत नव्हतात."

"माझा कसा काय?"

"माले काय ठाऊक? उघाड ना."

आत घड्याळांचे काटे, स्प्रिंगा, एक भिंग आणि तळाशी एक काडेपेटी. तिच्यावर वाकड्या अक्षरात माझं नाव. काडेपेटीत सहा करडे कागद होते, सगळे एकाच मापाचे कापलेले. एक थोडा तिरका, एकाची कड दोनदा कापलेली. सहावा खाली होता. मी भिंग डोळ्याला लावलं. लाज वाटते, पण तेव्हाही माझ्या मनात आलं, की हा मागाहून बनवून ठेवला असेल. पण कोपऱ्यातला "सु" माझाच होता. उकार ओढताना सुई घसरली होती, तो ओरखडाही तसाच होता.

मी डबा घेऊन जळगावला आले. आईने ट्रंकेत ठेवलेला गेमही आणला. तीन रविवार लागले. आत खार परत वाढला होता. तो व्हिनेगरच्या बोळ्याने काढला, रबराने घासून तांबं उजळ केलं. बटणांखालचं काळं झिजलं होतं, तिथे मऊ शिशाची पेन्सिल घोटली. काच आणि सर्किट यांच्यामधली रबराची पट्टी स्पिरिटने पुसली. हे करताना ती लाल वायर नीट पाहिली. मी जिला भंगार म्हणत आले ती वायर, खाराने खाल्लेली तांब्याची रेघ ओलांडून नेमकी दोन्ही टोकांना जोडलेली होती. गेममध्ये जीव आला होता तो त्या वायरीने. आणि ती तिथे जोडणाऱ्याला खार कशाने आला हे दिसलं नसेल, असं होणार नाही. "आपोआप" म्हणजे काय ते नानांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अख्ख्या गावावर संशय घेणाऱ्या माणसाने माझं खोटं मात्र कोणापुढे उघडं केलं नाही. माझ्यापुढेसुद्धा नाही.

तिसऱ्या रविवारी माझ्या खुणेचा कागद काचेवर बसवला, सेल घातले, बटण दाबलं. "टीं", आणि सगळी काच काळी झाली. काळ्यात पांढरा टोपलीवाला, पांढरी फळं, भुतासारखी. वाटलं, जाळला मी याला... आणि मग हसू आलं, मग हसू थांबलं. नानांनी हेच पाहिलं असणार. साफसफाईसाठी त्यांनी कागद काढला, बसवताना पालथा बसवला, आणि काच काळी झालेली पाहून त्यांना वाटलं, पोरीचा गेम आपल्या हातून जळला. केसाएवढ्या काट्यांचा उस्ताद माणूस, पण या कागदाला सुलटं-पालथं असतं हे त्याला कोण सांगणार? म्हणून तीन आठवडे. म्हणून ते बाकीचे पाच कागद, मोडक्या घड्याळांच्या काचांवरचे कापून बघितलेले. ते मी एकेक लावून पाहिले, कशात चित्र पुसट, कशात काळं. आपण बिघडवलं हे त्यांच्या तोंडून निघालं नाही, आणि खूण असलेली वस्तू दुसऱ्याला वापरायची किंवा फेकायची हेही त्यांच्या हातून झालं नाही. मी असं समजते. खरं काय ते नाना घेऊन गेले, आणि माझा स्वभाव असा की शंभर टक्के मी आजही म्हणणार नाही. पण निकालाच्या दिवशी सगळ्यांदेखत वाकले नाही, तो हिशेब माझ्याकडे बाकी आहे.

कागद चिमट्याने उचलला आणि पालथा केला. काच स्वच्छ उजळली, काळा टोपलीवाला खाली उभा.

नानांचं भिंग आता प्रयोगशाळेत माझ्या खणात असतं आणि गेम टेबलावर. चारही बटणं लागतात, आवाज येतो, चित्र दिसतं, तिन्ही खुणा जागेवर आहेत. आतली लाल वायर नानांची आहे. बाकीची दुरुस्ती मी केली.