जगनची न प्यायलेली दारू

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. मावशीजवळ नाही, शाळेतल्या मैत्रिणींजवळ नाही. तुम्हाला सांगायचं ठरवलंय खरं, पण सुरुवात कुठून करू? तिसरीच्या पोरांना मी गोष्ट क्रमानं सांगायला शिकवते, आणि माझीच सांगायची वेळ आली की अशी चाचपडते.

जगन माझा धाकटा भाऊ. तो मोटारी भरतो — शेतातल्या विहिरीवरची मोटार जळाली की तिच्यात इनॅमलचा थर दिलेली तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायची, हे त्याचं काम. भरायचा, असं म्हणायला हवं आता. शहाद्याच्या आसपासचे शेतकरी बाजारातली चार दुकानं ओलांडून आमच्या दारी यायचे. तारेचे वेढे मोजताना तो कुणाशी बोलायचा नाही, मी चहा ठेवला तरी मान वर करायचा नाही. माझे यजमान गेल्यापासून मी माहेरीच असते. घरात आम्ही दोघंच.

जगनला एचआयव्ही आहे हे गावात फक्त मला माहीत होतं. कसा झाला ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. आलेली स्थळं तेवढी परतवून लावली. गोळ्या नेमानं घेतल्या. आणि दारूला तो कधी शिवला नाही — कधीच नाही. कुणाच्या लग्नात मित्रांनी ओढलं तरी हा आपला सोड्याची बाटली घेऊन बसायचा. हे मला जितकं पक्कं माहीत होतं तितकं दुसऱ्या कुणाला असणार?

मग त्याचे वेढे चुकायला लागले. मोजता मोजता मध्येच थांबायचा, पुन्हा एकपासून सुरू करायचा. पाय फाकून चालायचा, उंबऱ्याला अडखळायचा, शब्द जिभेवर रेंगाळायचे. धुळ्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. म्हणाले, गोळ्यांनी विषाणू रक्तात दबलाय, पण मेंदूतल्या नसांच्या तंतूंना मार बसलाय. बहुधा फार आधीच, गोळ्या सुरू व्हायच्याही आधी. तंतूवर जे आवरण असतं तेही खराब झालंय, त्यामुळे निरोप नीट पोचत नाही. मला काही उमगलं नाही. जगनला मात्र लगेच कळलं. "म्हंजे तारनं इनॅमल गयं," तो म्हणाला, आणि हसला. मीही हसले. का हसले कुणास ठाऊक.

त्यानंतर पंधरा दिवसही झाले नसतील. हिरालालभाऊ मोटार घेऊन दारात आले. जगननंच भरलेली, आठवड्यात दुसऱ्यांदा जळालेली. "मोटर परत जयनी, आक्का. जगनले काय हुयनं शे? पेस काय तो?"

मी हो म्हणाले, पितो.

विचार करून म्हणाले का? नाही. की हो? खरंच सांगता येत नाही. मुलीच्या लग्नासाठी केलं असं म्हणता आलं असतं, पण मला मुलगी नाही. शाळेतली नोकरी जाणार नव्हती. वाळीत टाकतील ही भीती होती — पण ती त्याच्यासाठी होती की माझ्या भजनाच्या, भिशीच्या चार बायकांसाठी? दारुड्याची बहीण म्हणून गावात उजळ माथ्यानं फिरता येतं. दुसऱ्या गोष्टीनंतर फिरता आलं असतं का, हे मी आजमावूनच पाहिलं नाही.

बातमी गावभर झाली. आणि गाव वाईट नाही हो, तीच तर पंचाईत. ज्यांच्या मोटारी जळाल्या तेच लोक हळहळत घरी आले. म्हणाले, खंडोबाच्या देवळात नेऊ, बेलभंडारा उचलून दारू सोडायची शपथ घ्यायला लावू, आमच्याकडच्या कितीजणांची अशीच सुटली. मी म्हणाले, न्या.

देवळात न्यायच्या आदल्या दिवशी जगन ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसला. आता सांगते ते खरं पाप. बाकीचं सगळं याच्यापुढे काहीच नाही.

"आक्का, मी खरंच दारू पेस का?"

तो चिडून विचारत नव्हता. त्याला माहीतच नव्हतं. बऱ्याच गोष्टी हातून निसटत होत्या, तशी हीपण निसटली असेल असं त्याला वाटत होतं. आणि विचारायला त्याच्याकडे माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. नाही म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणाले, "कधी कधी."

"तू सांगस म्हंजे खरंच व्हई."

दुसऱ्या दिवशी त्यानं बेलभंडारा उचलला. हात थरथरत होते. लोकांना वाटलं, दारू सुटतेय म्हणून. त्या दिवसापासून मी शाळेतून आले की तो दारातच सांगतो, "आज बी हात नही लावा, आक्का." मी बरं म्हणते आणि चप्पल काढते.

धुळ्याला पुढच्या खेपेला त्यानं डॉक्टरांनाही आपण होऊन सांगितलं — आधी पीत होतो, आता सोडली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आधी तर नाही म्हणाला होतात, असं म्हणाले. मी पिशवीत गोळ्यांचा डबा शोधत राहिले. त्यांनी कागदावर दारू लिहिली. पुढच्या उपचारात त्यानं काय बिघडलं, की काहीच नाही, हे मी विचारलेलं नाही. खोडून घ्या, असंही म्हणाले नाही.

मागच्या महिन्यात शपथेला वर्ष झालं. देवळापुढे गावानं त्याचा सत्कार केला — टोपी, टॉवेल, नारळ. शिक्षिका म्हणून माईक माझ्या हातात दिला. समोर हिरालालभाऊ, त्यांच्या मागे बायका, आणि पुढे खुर्चीत नवी टोपी घालून जगन. मी म्हणाले, "माझ्या भावानं दारू सोडली, याचा मला अभिमान आहे." सगळ्यांच्या आधी टाळ्या त्यानंच वाजवल्या.