अमेरिकेतर्फे मी गायले नाही

त्या वर्षी एका मराठी वाहिनीने जगभरातल्या मराठी गायकांची स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक देशाने एकच गायक पाठवायचा, चित्रीकरण मुंबईत व्हायचं आणि मंचावर गायकाच्या नावाआधी देशाचं नाव पुकारलं जायचं. अमेरिकेचा गायक निवडण्यासाठी आमच्या मराठी मंडळाने आयसेलिनजवळच्या एका शाळेचं सभागृह शनिवारी दुपारी घेतलं होतं. मी तेव्हा न्यू जर्सीत रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते, चौथं वर्ष चालू होतं. वडिलांनी शिकवलेलं एक जुनं नाट्यपद मी गायले आणि पहिली आले. न्यू जर्सीतच जन्मलेली, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी दुसरी आली.

मंडळाच्या सचिवांना सगळेच काका म्हणत. त्यांनी तिथल्या तिथे माझा अर्ज भरला आणि 'देश' या शब्दापुढे 'अमेरिका' लिहिलं. माझा पासपोर्ट कुणी मागितला नाही. व्हिसाचे सगळे नियम तोंडपाठ असलेल्या माणसांकडून ही चूक कशी झाली, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. माझं अनुमान असं, की त्या सभागृहात 'अमेरिका' म्हणजे 'इथली आपली माणसं', एवढंच सगळ्यांच्या मनात होतं. त्या अर्थाने मी अमेरिका होतेच.

चूक लक्षात आली ती पुढच्या आठवड्यात, काकांच्या घरी विमानाच्या तिकिटांचं बोलणं निघालं तेव्हा.

"पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का कधीपर्यंत आहे?" काकांनी विचारलं.

"दीड वर्षापूर्वी संपला."

पोह्यांच्या बश्या घेऊन येणाऱ्या काकू दारातच थांबल्या. "म्हणजे ही इथे बेकायदा राहते की काय?"

"बेकायदा नाही गं. युनिव्हर्सिटीचे कागद आहेत तोवर राहायला हरकत नाही. पण एकदा देशाबाहेर पडली की परत यायला नवा शिक्का लागणार, आणि तो मुंबईतच घ्यावा लागणार."

"त्यात ही केमिस्ट्रीवाली," मंडळात तबला वाजवणारा नागपूरचा इंजिनीअर म्हणाला. "यांच्या फाइली वेगळ्या तपासणीला जातात. माझा रूममेट तीन महिने घरी आंबे खात बसला होता, यार."

"मग मीही आंबे खाईन."

"तू कसली खातेस. तू तिथे बसून पेपर लिहिशील."

सगळे हसले. काका हसले नाहीत. "अमेरिकेतर्फे गायचं, आणि परत घ्यायचं की नाही ते अमेरिकेनेच ठरवायचं," ते म्हणाले. "असला खेळाडू दुसऱ्या कुठल्या संघात असेल?"

मी पद्धतशीर माहिती गोळा केली. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या बाईंनी सांगितलं, की बहुतेक जण काही आठवड्यांत परततात, थोड्यांना महिने लागतात, हमी कुणालाच देता येत नाही. माझे मार्गदर्शक प्राध्यापक म्हणाले, सहा आठवडे तू खुशाल जा, त्याहून अधिक लागले तर बघू. दार बंद नव्हतं.

ते मी बंद केलं. मी एका प्रथिनाचे स्फटिक वाढवण्याच्या प्रयत्नात होते. स्फटिक मिळाले तरच त्या प्रथिनाची रचना कळणार होती, आणि दुसऱ्या एका प्रयोगशाळेत त्याच प्रथिनावर काम चालू असल्याचं आमच्या कानावर आलं होतं. मी कागदावर एक तक्ता केला: अडकून पडण्याची शक्यता किती, अडकले तर नुकसान किती. तक्त्याच्या तळाशी 'जाऊ नये' असं उत्तर आलं. आज प्रामाणिकपणे सांगायचं, तर ते उत्तर येईपर्यंत वरचे आकडे मीच बदलत होते.

लोकांना मात्र मी एवढंच सांगितलं, की व्हिसाचं जमत नाही. त्यावर कुणी पुढे काही विचारलं नाही. आमच्यात ते कारण पुरेसं असतं. काकूंनी डबा पाठवला. नाशिकला माझे वडील, निवृत्त शिक्षक, पेटी घेऊन आठवडाभर शेजाऱ्यांना माझं पद ऐकवत होते. त्यांनी उलट माझीच समजूत घातली. "सरकारी काम आहे, बाळा. तू मनाला लावून घेऊ नकोस." ती सगळी सहानुभूती मी घेतली.

माझ्या जागी दुसरी आलेली मुलगी जायचं ठरलं. तिला तयार करण्याची जबाबदारी मी आपणहून अंगावर घेतली. तिचा सूर माझ्यापेक्षा स्वच्छ होता, पण तान संपण्याआधीच तिचा श्वास संपे आणि सम हुके. चार शनिवार आम्ही फक्त श्वास कुठे घ्यायचा यावर घालवले. तिसऱ्या शनिवारी ती मधेच थांबली.

"ताई, कॅन आय आस्क यू समथिंग? तू गेलीस तर इट्स नॉट इल्लीगल, राइट?"

"नाही."

"सो, तू जाऊ शकतेस."

"शकते. परत यायला कदाचित उशीर होईल. कदाचित होणारही नाही."

तिने थेट माझ्याकडे पाहिलं. "देन व्हाय इज एव्हरीबडी सो सॅड फॉर यू?"

मी तिला अंतरा पुन्हा पहिल्यापासून घ्यायला सांगितला.

ती मुंबईला जाऊन आली. निकाल कुणाला सांगायचा नाही, असं तिला बजावलेलं होतं. काही आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, तो भाग दाखवला गेला. काकांकडे डिश होती, म्हणून आम्ही सगळे तिथे जमलो. 'अमेरिका' अशी घोषणा झाली आणि ती मंचावर आली. निवेदकाने हसत विचारलं, "आम्ही ऐकलं की अमेरिकेतून आधी दुसऱ्याच कुणाची निवड झाली होती?"

ती नेहमी समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलत असे. तेव्हा तिने मान खाली घातली. "ताईला व्हिसा नाही मिळाला," ती म्हणाली, नेहमीसारखं इंग्रजी न मिसळता, पाठ केलेल्या लांबट सुरात.

काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढे ती गायली, श्वास ठरल्या जागी घेतला, समेवर अचूक आली. परीक्षकांनी कौतुक केलं आणि पुढच्या फेरीसाठी इंग्लंडला निवडलं. खोलीतले सगळे निकालावर बोलत होते. मला त्यातलं काही नीट ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळी मी नाशिकला फोन केला. तिकडे सोमवारची सकाळ होती.

"पाहिलं," बाबा म्हणाले. "गुणी मुलगी आहे. इथे सगळे हळहळले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, व्हिसापायी आपल्या पोरीची संधी गेली."

"बाबा, मी व्हिसासाठी अर्जच केला नव्हता."

मी तशीच पुढे बोलत राहिले.

"सरांनी सहा आठवडे दिले होते. येता आलं असतं, हे त्या मुलीलाही ठाऊक होतं. काम मागे पडेल म्हणून मीच आले नाही."

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही गाण्याच्या बाजूने बोलला असतात."

"बोललो असतो. तो माझा हक्क होता. ऐकायचं की नाही, हा तुझा." मग म्हणाले, "त्या सहा आठवड्यांत तिथे काय केलंस ते सांग. सगळं सांग."

मी सांगितलं. थंड खोलीतल्या तबकड्या, प्रत्येक खाचेतला एकेक थेंब, रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. स्फटिक म्हणजे नेमकं काय, तो नसला तर का अडतं, हे त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल आम्ही एवढं कधीच बोललो नव्हतो. शेवटी त्यांनी विचारलं, "मग आले का?"

"एकाही थेंबात नाही."

या खेपेला त्यांनी माझी समजूत घातली नाही. "उद्या पुन्हा लावणार?"

"हो."

"लाव. पण आधी त्या मुलीला फोन कर. इतक्या देशांसमोर ती तुझ्यासाठी खोटं बोलली."

मी तिच्या घरी फोन लावला. तिच्या आईने उचलला आणि माझा आवाज ओळखताच व्हिसाबद्दल हळहळ व्यक्त करायला सुरुवात केली. मी त्यांना थांबवलं आणि पहिल्यांदा त्यांनाच सगळं सांगितलं.