बरणीतली तापी

नातीनं फ्रीजमध्ये जपून ठेवलेलं तापीचं पाणी मी एका सकाळी तिच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून काढून लोणच्याच्या काचेच्या बरण्यांत ओतलं, आणि वर स्वतःवर खूश होऊन दुसऱ्यांदा चहा घेतला.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे बासष्टची. आता अडुसष्टाव्या वर्षी त्या बाईकडे वळून पाहते तेव्हा वाटतं, हिला कोणीतरी खाटेला बांधून ठेवायला हवं होतं. हात एक क्षण स्वस्थ नाहीत. घरातलं काम संपलं की शेजारणीचं शोधायचं, तेही संपलं की घासलेलं भांडं पुन्हा घासायचं.

नात माझ्या मुलाची मुलगी. समुद्राकाठच्या कॉलेजात समुद्राचं पाणी तपासण्याचं शिक्षण घेत होती. मला आधी वाटलं, पाणी तपासायला काय शिकायचं? खारट आहे, झालं. त्या जूनमध्ये ती पिशवीभर बाटल्या घेऊन आमच्या गावी आली. आमचं गाव तापीकाठचं, प्रकाशा या गावापासून स्कूटीवर थोड्या वेळाचं. प्रकाशाला नदीवर बॅरेज आहे. उन्हाळाभर दरवाजे लावून पाणी अडवलेलं असतं, वर पाऊस झाला की दरवाजे उघडतात. नातीला हवं होतं ते उन्हाळाभर उभं राहिलेलं पाणी, दरवाजे उघडायच्या आधीचं. एकदा उघडले की ते गेलं समुद्राला. मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाट पाहा, म्हणजे तिचं अख्खं वर्ष वाया.

हे सगळं मला ठाऊक होतं. तिनं ओट्यावर बसून नीट सांगितलं होतं. हीच तर गंमत.

“डोंगरातला काळा दगड पावसानं झिजतो, आणि थोडा थोडा पाण्यात विरघळतो,” ती म्हणाली.

“दगड विरघळस? साखर शे का ती?”

“शे. फक्त फार हळू विरघळणारी. काच ज्याची बनते ना, सिलिकॉन, ते त्या दगडातून नदीत येतं आणि नदीतून समुद्रात जातं. तिथं डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती असतात. त्या ते पाण्यातून उचलतात आणि स्वतःभोवती काचेची डबी बांधतात. झाकणासकट. तुझ्या कुंकवाच्या डबीसारखी.”

झाकणासकट म्हटल्यावर माझा विश्वास बसला. कोणी थाप मारणारा माणूस झाकणापर्यंत जात नाही.

त्या वनस्पती मेल्या की डब्या खाली बुडत जातात, तिनं सांगितलं. वाटेतच बहुतेक विरघळतात. वारा वरचं पाणी ढकलतो, खालचं वर येतं, तेच सिलिकॉन पुन्हा वर, पुन्हा डबी. अशी वर्षानुवर्षं येरझार. पण थोड्या डब्या तळाला गाळात जाऊन बसतात त्या बसतात. ती तूट नद्या भरून काढतात. त्या डब्यांवर बारीक जीव जगतात, बारकांवर मासे जगतात.

“मग अडचण काय शे?”

“अडचण ही की बॅरेजमध्ये पाणी थांबतं. थांबलेल्या पाण्यात त्या वनस्पती इथंच डब्या बांधतात आणि इथंच गाळात बसतात. समुद्राला सिलिकॉन कमी पोचतं. आणि आपल्या केळीला, उसाला टाकलेला युरिया मात्र वाहत वाहत पोचतोच. म्हणजे ताटात ठेचा वाढत चालला आणि भाकर कमी होत चालली. मग डबीवाल्या हटतात आणि भलतंच शेवाळ माजतं. आपल्या तापीत खरंच किती अडतं, तेच मला मोजायचंय.”

समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिलेला, सुरतेजवळ डुमसला, एका लग्नाला गेलो तेव्हा. काळी वाळू पाहून तोंड वाकडं केलं होतं. बाकीच्या बाया पाय भिजवत होत्या आणि मी विचारत होते, “यातलं आपल्याकडचं पाणी कोणतं?” सगळ्या हसल्या. इतक्या वर्षांनी कोणी त्या प्रश्नाला उत्तर देत होतं, म्हणून मी कान देऊन ऐकलं. ऐकता ऐकता वाती वळल्या, लसूण सोलला, तिची चुरगळलेली ओढणी घडी घालून ठेवली.

मग तिनं उसाच्या पानाची गोष्ट काढली. पानाची धार म्हणजे तेच सिलिकॉन, मुळानं जमिनीतून ओढून पानाच्या कडेला लावलेलं. मला या घरची तेव्हाची नवी सून आठवली, म्हणजे मीच. ब्राह्मणपुरीहून लग्न करून आले त्या साली मी उसात गेले ती आखूड बाहीचं पोलकं आणि कोपरापर्यंत बांगड्या घालून, कारण बांधावर नवरा उभा असणार होता. नवऱ्यानं पाहिलं नाहीच, पानांनी मात्र पाहिलं. संध्याकाळी हात असे ओरबाडलेले की सासूला सांगितलं, मांजर होती. सासू म्हणाली, “उसना रंगनी व्हई.” म्हणजे हिरव्या रंगाची मांजर. तर काच मला अशी लग्नापासून ओळखते.

शेवटी नात प्लॅस्टिकवर घसरली. समुद्रात किती प्लॅस्टिक, माशांच्या पोटात प्लॅस्टिक, आपल्या पोटात प्लॅस्टिक. डोळ्यांत पाणी आलं पोरीच्या. ते मी लक्षात ठेवलं. बाकीचं सगळं विसरून तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बर्फ आणायला शहाद्याला गेली. उद्या तिची गाडी होती. मी फ्रीज उघडला तर दुधाशेजारी तिनं नदीवरून भरून आणलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. मी म्हटलं, बघा, काल रडत होती आणि आज तापीमाईला प्लॅस्टिकमध्ये कोंडून ठेवलंय. घरात दुसरं काही नसेल म्हणून ठेवलं असेल बिचारीनं. माळ्यावरून काचेच्या बरण्या काढल्या. लोणच्याचा वास राहू नये म्हणून न्हाणीच्या चुलीतली उसाच्या पाचटाची राख घेतली आणि अशा घासल्या, अशा घासल्या की आरपार माझा चेहरा दिसायला लागला. पाणी बरण्यांत ओतलं, बरण्यांवरच्या जुन्या चिकटपट्टीवर ‘तापी’ लिहिलं. मग तिच्या रिकाम्या बाटल्याही राखेनंच घासून उन्हात पालथ्या घातल्या. इतकी हुशार बाई गावात दुसरी नव्हती.

नात आली. फ्रीज उघडला.

“मोठी माय, मन्हं पाणी कोठे शे?”

“ते काय समोर. काचमा. प्लॅस्टिक काढी टाकं मी.”

तिनं एक बरणी काढून उजेडात धरली. “अगं, मी काच मोजतेय पाण्यातली. काच! म्हणून तर प्लॅस्टिक. काचेच्या भांड्यात ठेवलं तर भांडंच पाण्यात उतरतं थोडं थोडं.”

“काच उतरस? मग मन्हं लोणचं?”

“घासलंस कशानं?”

“पाचटाच्या राखेनं.”

तिनं डोळे मिटले. “पाचटाच्या,” ती म्हणाली. “काल मी तुला उसाच्या पानाचंच सांगत होते. पान जळतं, त्यातलं सिलिकॉन राखेत उरतं.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी बाहेर आले, आत गेले, पुन्हा बाहेर आले. पदरानं ओटा पुसला. तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सूचना सुरू झाली: वरच्या भागातून पाणी येतंय, आज प्रकाशाचे दरवाजे उघडणार, कोणी नदीपात्रात उतरू नये, गुरं सोडू नयेत.

मुलगा गाडी घेऊन लोणखेड्याला गेला होता. नातीच्या पिशवीत थोड्या बाटल्या न वापरलेल्या होत्या. तिनं स्कूटीला किल्ली लावली. मी न विचारता मागं बसले.

“तू कशाला?”

“तू गाडी चालव.”

रस्त्यानं ती एकच बोलली, “उघडले असतील तर माझं वर्ष गेलंच.” मी मागं बसून खड्डे शिव्या देत मोजत होते आणि वाटेतल्या प्रत्येक देवळाला हात जोडत होते, स्कूटीवरून पडत पडत.

प्रकाशाच्या घाटाच्या पायऱ्यांवर पोलीस उभा. दरवाजांकडे माणसांची धावपळ चाललेली, पाणी अजून तसंच, हिरवं, जड, न हलणारं. नात पुढं झाली आणि कॉलेज, सिलिकॉन, संशोधन असं काहीतरी सांगू लागली. पोलीस म्हणाला, “ताई, मागे व्हा.”

मग मी पुढं झाले. “भाऊ, तापीमाईनं पाणी न्यायनं शे. पूजाले. इतल्या दूरथीन उनू.”

“आजी, दरवाजे उघडणार आहेत.”

“म्हणीसनच घाई शे ना रे भाऊ.”

त्यानं नदीकडे पाहिलं, माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. “भरा आणि लगेच वर या. नातीला धरून उतरा.”

नात माझ्या कानात म्हणाली, “दरवाजे उघडले तरी आपल्या बाजूचं पाणी आधी उतरतं, चढत नाही. वरचा लोंढा अजून लांब आहे. तू बाटलीला हात लावू नको, तुझ्या हाताला राख आहे. तू फक्त हळू चाल.”

आयुष्यभर मला लोकांनी ‘बस गं जरा’ म्हणून सांगितलं, हळू चालायचं काम पहिल्यांदाच मिळालं. मी अशी उतरले की प्रत्येक पायरीवर एक देव आठवला. खाली गेल्यावर पदर सारखा केला, नदीला हळद वाहिली, ती नव्हतीच म्हणून नुसती चिमूट वाहिली. मागं नात बाटली बुडवायची, हलवून ओतायची, पुन्हा बुडवायची, मगच भरायची. वरून पोलीस ओरडला, “आजी, आटपा!” मी म्हटलं, “गुडघा धरी लिना रे भाऊ!” आणि तेवढं खोटं बोलल्यावर तो खरंच धरला.

भोंगा वाजला. लांब दरवाज्यांपाशी घरघर झाली. समोरचं हिरवं पाणी पहिल्यांदा हललं, एखादं जनावर उठून अंग ताणतं तसं. शेवटची बाटली तिनं बुडवली तेव्हा आधीची भिजलेली पायरी उघडी पडली होती.

“चालेल का गं हे?”

“माहीत नाही. तपासल्यावर कळेल.”

दुसऱ्या दिवशी ती गेली. बर्फाच्या डब्यात नव्या बाटल्या ठेवल्या आणि शेजारी माझी एक बरणीही ठेवली. मला वाटलं, सरांना दाखवणार: ही पाहा माझी आजी. विचारायची हिंमत झाली नाही.

मग मला झोप नाही. आठवडे गेले. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचे, तो कधी खतवाल्याचा, कधी बहिणीचा. बरण्या पाहवेनात म्हणून माळ्यावर टाकल्या, मग त्या माळ्यावरून माझ्याकडे बघतात असं वाटून पुन्हा खाली आणल्या. पाऊस लागला. तापी गढूळ होऊन दोन्ही काठांना धरून पळत होती, आणि मी ओट्यावर उभी राहून तिला म्हणायचे, जा बाई, तुला तरी कुठं पोचायचं ते ठाऊक आहे.

श्रावणात एका दुपारी तिचाच फोन आला. मी आवाज ओळखला आणि दोन्ही हातांनी फोन कानाला दाबून धरला. ती म्हणाली:

“मोठी माय, घाटावरचं पाणी चाललं, माझं वर्ष वाचलं. पण मी तुझी बरणीही तपासली, तीत नदीच्या पाण्याहून कितीतरी जास्त काच निघाली. तापी सातपुड्याला घासत नसेल एवढं तू बरणीला घासलंस वं! उद्या समुद्राला काच कमी पडली ना, तर मी नदीची वाट बघणार नाही. तुलाच राखेचं टोपलं देऊन काठावर बसवीन.”