पहिला आकडा जावयाचा

शहाद्यातली आमची मिरची कांडायची गिरणी माझी आणि बायकोच्या थोरल्या भावाची, भागीदारीतली. मशीन तो बघायचा, गल्ला मी. मिरचीच्या खकाण्याने मला इतक्या शिंका येत की गिऱ्हाइकं 'शिंक्या शेट' म्हणत.

यंदा मसाल्याचा हंगाम सरल्यावर तो म्हणाला, दोन घरं एका गिरणीवर भागत नाहीत, एकानेच ठेवावी. "पाव्हना, किंमत तुमी सांगा. त्या किमतमां लेवानं का देवानं, ते मी ठरावसू. पहिला मान जावईना."

मानाने फुगून घरी आलो. पाय धुताना त्या मानाचा अर्थ लागला. कमी सांगितली, तर तेवढे पैसे हातावर ठेवून गिरणी तोच घेणार. सुरतेहून परतलेला त्याचा मुलगा हल्ली गिरणीवर बसतही होता. जास्त सांगितली, तर ती मलाच भरायची. आणि गिरणी गेलीच, तर शिंकण्यापलीकडे काही न येणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला कामावर कोण ठेवणार?

मशीन, मोटर, वजनकाटा यांचे भाव विचारून आलो. पण धडगावहून मिरची आणणाऱ्या, माझ्याशी भांडल्याशिवाय पिशवी खाली न ठेवणाऱ्या बायांचं काय धरायचं? त्या कुणासाठी येत होत्या, त्याच्या हातासाठी की माझ्याशी भांडायला? माझ्यासाठी नसतील, या विचाराने झोप गेली.

"मन्हा भाऊ शे तो," बायको म्हणाली. "इतला काय घाबरतस?"

"म्हणूनच."

गिरणीत तर बोलताच येईना. मी तोंड उघडलं की शिंक, आणि तो लगेच, "शिंक उनी. आज ऱ्हाऊ द्या." दोनदा असा वाचलो. तिसऱ्यांदा त्याने मला एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर नेलं. तिथे एक शिंक येईल तर शपथ. घरून ठरवलेला आकडा जिभेवर होता. तेवढ्यात त्याचा शांत चेहरा दिसला. हा घेणार! घाबरून मी सव्वापट बोलून गेलो.

"दिनी!" दिली म्हणजे दिली. कपसुद्धा खाली ठेवला नाही त्याने.

"आणि मुलगा?"

"तो तं कालच सुरतले पयना. म्हणे, आठे मानोस शिंकी शिंकी मरी जाई."

म्हणजे पोरगा पळालेला, दादाला गिरणी नकोच होती; वरचा पाव हिस्सा निव्वळ घाबरण्याचा पडला.

संध्याकाळी त्याने किल्ली दिली. मला लागलीच शिंक आली. "आते खुशाल शिंका," तो हसला. "तुमनी शे."

मशीन एवढं मोठं आहे, हे मला तेव्हा दिसलं. आजवर मी त्याच्याकडे पाठ करूनच बसत आलो होतो. सकाळी त्या बाया येणार.

"दादा, उद्या मशीनवर येशात ना?"

"ईसू ना. पगारवर." तो गमछा झटकत खुर्चीत बसला, माझ्या खुर्चीत. "किती, ते तुमीच सांगा, पाव्हना. पहिला मान जावईना."