विहिरीतले गुलाबी पाणी

वकीलसाहेबांनी आमच्या भिस्ती चाचाला फसवले, आणि तेही तोंडातून एक शब्द न काढता.

अकोल्याच्या जुन्या शहरात मी भाजी विकत असे. बाळापूरहून डोक्यावर टोपली घेऊन आलेला मी माणूस. बाजारातली जागा भांडून मिळवली होती. चाचा पहाटेच बाजारच्या विहिरीवर आपली कातडी मशक भरी आणि आमच्या पालेभाजीवर शिंपडी. त्याच्या हाताने कालची मेथीही आजची दिसे. माझा निम्मा धंदा त्याच्यावर चाले. हे त्याला कधी सांगितले नाही. लगेच भाव वाढवला असता.

त्या साली शहरात पटकीची साथ आली. एका सकाळी चाचाने मशकीचे तोंड सोडले, तर पाणी गुलाबी.

"मुसलमानानं इहिरीत जहर टाकलं," कोणीतरी म्हणाले, आणि सगळा बाजार त्याच्याभोवती जमला. काल त्याच्याबरोबर बिडी ओढणारेही त्यात होते. वकीलसाहेब, म्हणजे म्युनिसिपल कमेटीचे मेंबर, पिशवी घेऊन तिथेच उभे होते. गप्प.

माझे डोके फिरले. मी मशकीतले तेच पाणी तांब्याभर घेतले.

"अबे, मरशीन ना लेका," शेजारचा कांदेवाला म्हणाला.

"मेलो तं माही जागा तुले. नाई मेलो तं तुही मले. बोल."

त्याने आपली टोपली मागे ओढली. मी पाणी पिऊन टाकले. दिवसभर लोक माझे मढे पाहायला येत आणि वांगी घेऊन जात. इतका खप पुन्हा कधी झाला नाही.

पण संध्याकाळी निकाल लागला तो असा, "याचं पोटच लोखंडाचं हाय." चाचाला विहीर बंद झाली. तो काम शोधायला बाळापूरला निघाला. "मेथी छाँव में रखना, भाई," एवढेच म्हणाला.

पुढच्या बाजाराला वकीलसाहेब वांगी निवडता निवडता हळूच बोलले, "ते कमेटीनेच टाकलेले औषध होते, पटकीवरचे. पण तेव्हा बोललो असतो, तर विहीर बाटवली म्हणून लोकांनी मलाच धरले असते."

मी त्यांच्या हातातले वांगे काढून घेतले.

अजूनही ते पिशवी घेऊन येतात. मी त्यांना भाव सांगत नाही, एवढेच विचारतो, "माह्या कानात काहून सांगता, साहेब? चाचाले मी घेऊन येतो. इहिरीवर उभं राहून, सगळ्यांसमोर, तुमी कधी सांगता ते बोला."